खूर तासल्यावर घोडा पाय राखून चालू लागला तर: विनानाल घोडा पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

नालबंद येऊन गेला, खूर नीटनेटके दिसू लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा तबेल्याबाहेरच्या खडीवर पाय टाकायला तयार नाही. मऊ मातीत बरा चालतो, पण दगड लागला की पाऊल आखडतो आणि रस्ता सोडून कडेच्या गवताकडे सरकतो. अशा वेळी नव्या मालकाला हमखास ऐकायला मिळतं, “तासल्यावर असं होतंच, चार दिवसांत मोकळा होईल.”

मला हे पटत नाही. चांगली तासणी झालेला घोडा त्याच दिवशी आधी जसा चालत होता तसा, किंवा त्याहून बरा चालला पाहिजे. तो राखून चालतो आहे याचा अर्थ कुठेतरी दुखतं आहे, आणि ते कुठे आणि का, हे शोधणं मालकाचं काम आहे. बऱ्याचदा कारण साधं असतं आणि थोड्या दिवसांत बरंही होतं. पण काही वेळा तासणीमुळे आधीपासून लपलेला आजार उघडा पडतो, आणि “होतंच असं” म्हणत घालवलेले पहिले दोन दिवस घोड्याला आयुष्यभर महागात पडतात.

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून पहिला घोडा घेतलेले, शेतघरावर एखादी काठियावाडी घोडी आणून ठेवलेले, नाल काढून घोडा विनानाल ठेवायचं ठरवलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी खूर समजून घ्या

खुराची बाहेरची भिंत मेलेल्या केराटिनची असते, आपल्या नखासारखी. तिला कापलं तर दुखत नाही. पण नख फार आत कापलं की जिव्हाळी लागते, तसंच खुराचं आहे. तळव्याच्या आत जिवंत पडदा आहे आणि त्याच्या वर खुराचं हाड. या दोघांना जमिनीपासून वाचवणारा थर म्हणजे तळवा. त्याची जाडी १५ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर घोडा खडीवर बऱ्यापैकी निर्धास्त चालतो. ती १० मिलिमीटरच्या खाली गेली की प्रत्येक खडा त्याला आत जाणवतो.

म्हणजे हिशेब अवघ्या काही मिलिमीटरचा आहे. सुरीचे दोन हात जास्त फिरले की संपलं. आणि आपल्याकडची जमीन त्याला माफ करत नाही. देशावर काळ्या दगडाची खडी आणि मुरूम, कोकणात, माथेरानला, महाबळेश्वरला खरबरीत जांभा. ज्या पातळ तळव्यावर घोडा वाळूच्या रिंगणात मजेत चालेल, त्याच तळव्यावर तो इथे दहा पावलं टाकणार नाही.

खुराच्या मागच्या अर्ध्या भागात त्रिकोणी, चिवट असा फ्रॉग असतो. टाच टेकताना तो धक्का झेलतो. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे फिकट रंगाची एक रेघ दिसते, तिला पांढरी रेघ म्हणतात. ही रेघ रुंद झाली असेल, ताणल्यासारखी दिसत असेल किंवा तिच्यात लालसर डाग असतील, तर लक्षात ठेवा. पुढे याचा उपयोग आहे.

पायरी पहिली: हात लावून तपासा

औषध, तेल, लेप यातलं काहीही करण्याआधी तपासणी. यात मी सगळ्यात जास्त भर नाडीवर देतो, कारण नवे लोक नेमकी तीच शिकत नाहीत.

खुराच्या वरचा जो गाठीसारखा सांधा, फेटलॉक, त्याच्या मागच्या बाजूला आत आणि बाहेर बोटांची टोकं हलकेच ठेवा आणि मागेपुढे सरकवा. बोटाखालून निसटणारी शीर लागेल. तिथे बोट स्थिर ठेवा, फार दाबू नका. निरोगी घोड्याची ही नाडी इतकी मंद असते की नवख्याला ती सापडतच नाही, आणि ते चांगलं लक्षण आहे. खुरात दाह असेल तर ती ठळकपणे उडते, शोधावी लागत नाही. घोडा चांगला असताना रोज खरारा करताना चारही पायांची नाडी बघायची सवय लावा. तरच वेगळं काय ते दुखण्याच्या दिवशी कळेल.

मग खुरांची ऊब. पंजाची मागची बाजू भिंतीवर ठेवून चारही खूर एकमेकांशी ताडून बघा. उन्हात तापलेल्या जमिनीवर उभा असलेल्या घोड्याचे खूर गरमच लागणार, म्हणून हे पहाटे, सावलीत करा.

मग तळवा. खूर स्वच्छ करून दोन्ही अंगठ्यांनी तळव्याच्या पुढच्या भागावर जोरात दाबा. तळवा अंगठ्याखाली थोडासाही दबला, तर तो पातळ झालेला आहे. घोड्याने पाय हिसकावला तर उत्तर आणखी स्पष्ट.

शेवटी ताप आणि हृदयाचे ठोके. उभ्या, शांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, आणि गुदद्वारातलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. काहीही काम न करता ठोके बरेच वर गेले असतील तर घोडा वेदनेत आहे, तो दाखवत नसला तरी.

पायरी दुसरी: तीन चित्रांपैकी आपलं कोणतं?

पहिलं चित्र. दोन्ही पुढचे किंवा चारही पाय सारखेच हुळहुळे झाले आहेत. घोडा मऊ जमिनीवर ठीक चालतो, खडीवर राखतो. नाडी नेहमीसारखी किंवा किंचित ठळक. खातो, पितो, कान हलवतो. ही बहुतेक वेळा जास्त तासणी असते. तळवा सोलला गेला, किंवा भिंत इतकी खाली घेतली की सगळा भार तळव्यावर आला, किंवा फ्रॉग सुंदर दिसावा म्हणून कापून टाकला. महिनोन् महिने वाढू दिलेला खूर एका दमात लहान केला तरी असंच दिसतं. त्यात खुराचा कोन एकदम बदलतो आणि पायाच्या कंडरांवर (टेंडनवर) नवा ताण येतो.

दुसरं चित्र. एकच पाय, पण तो जमिनीला टेकवतच नाही. काल लंगडत होता, आज तीन पायांवर उभा आहे. त्या एका पायाची नाडी जोरात उडते, कधी खुराच्या वरचा भाग सुजतो. बघणाऱ्याला पाय मोडला असं वाटतं. हे बहुधा खुराच्या आत साठलेल्या पूचं लक्षण असतं. पातळ झालेल्या तळव्याला मार लागून किंवा पांढऱ्या रेघेतून माती आत शिरून तासणीनंतर काही दिवसांनी असा पू होऊ शकतो. अर्थात हाडाची मोडही अशीच दिसू शकते, म्हणून पशुवैद्याला दाखवल्याशिवाय पूच आहे असं ठरवून मोकळं होऊ नका.

तिसरं चित्र, आणि हे वाचताना कृपया थांबा. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, वजन मागच्या पायांवर घेऊन उभा आहे. वळवायला गेलं की अडतो, अगदी जागच्या जागी वळतानाही पुढचे पाय कण्हत कण्हत उचलतो. तपासायला एक पाय उचलू देत नाही, कारण मग सगळा भार दुसऱ्यावर येतो. मऊ जमिनीवरही फरक पडत नाही. नाडी दोन्ही पुढच्या पायांत ठळक, खूर गरम. हा लॅमिनायटिस आहे, म्हणजे खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या जिवंत पापुद्र्यांचा दाह. हे पापुद्रे सुटले की हाड आत फिरतं किंवा खाली सरकतं. लॅमिनायटिसचं मूळ बहुतेकदा खाण्यात किंवा शरीरातल्या दुसऱ्या आजारात असतं. तासणी ते फक्त उघडं पाडते. पांढरी रेघ आधीच रुंद किंवा लालसर होती का, हे म्हणूनच बघायला सांगितलं.

तिसऱ्या चित्रात काय करायचं तेही इथेच सांगतो. घोड्याला चालवू नका. पशुवैद्याला लगेच बोलवा. तो येईपर्यंत पुढचे दोन्ही पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा, खुरापासून फेटलॉकच्या वरपर्यंत. बर्फ रसवंतीवाल्याकडे, मासळीबाजारात, कुठेही मिळेल. नुसतं पाच मिनिटं नळाचं पाणी मारून उपयोग नाही. आजाराच्या सुरुवातीला ही थंडाई ४८ ते ७२ तास सतत चालू ठेवतात, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितका फायदा. दाणा पूर्ण बंद, फक्त सुकं गवत आणि पाणी. पायाखाली जाड भुसा. जवळ खासगी पशुवैद्य नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळचं आणि सातारा जिल्ह्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूर, परभणी आणि उदगीर इथेही आहेत.

पायरी तिसरी: हुळहुळ्या पायांना आराम

आता पहिल्या चित्राकडे, कारण बहुतेकांना तेच भेटतं.

घोड्याला मऊ जमीन द्या. तबेल्यात लाकडाचा भुसा, भाताचा तूस किंवा पेंढा, निदान पंजाभर उंचीचा, आणि ओला झालेला भाग रोज काढायचा. शेतात नांगरलेली, ढेकळं फुटलेली मऊ माती असेल तर उत्तम. उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या रानात मात्र सोडू नका. त्या ढेकळांच्या कडा खडीइतक्याच टोचतात.

त्याला आखूड दाव्याला दिवसभर बांधून ठेवू नका. पायातलं रक्त चालण्याने खेळतं आणि खूर चालण्याने वाढतो. मऊ जमिनीवर मोकळा सोडला की तो स्वतः हवं तेवढं चालतो आणि हवं तेव्हा थांबतो. पाठीवर बसणं, रिंगणात दोरीवर फिरवणं, गाडीला जोडणं, घाटात पळवणं हे सगळं बंद.

बूट हा सगळ्यात चांगला उपाय. खुराचे रबरी बूट मागवता येतात आणि आत फोमचा तुकडा टाकला की पातळ तळव्याचा घोडा क्षणात बदललेला दिसतो. माप तासणीनंतर घ्या, पाय जमिनीवर टेकलेला असताना: सर्वांत रुंद जागी रुंदी, आणि टोकापासून टाचेच्या टेकण्यापर्यंत लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पुढचे खूर गोल, मागचे निमुळते असतात, त्यामुळे एकच माप चारही पायांना लावू नका. बूट रोज काढून खूर धुऊन कोरडे करायचे आणि टाचेच्या वरची कातडी घासली जात नाही ना ते बघायचं.

बूट येईपर्यंत घरगुती सोय चालते. योगाची जुनी चटई किंवा पॅकिंगचा घट्ट फोम खुराच्या आकाराला कापा, दोन थर तळव्याखाली धरा आणि रुंद चिकटपट्टीने खुरालाच गुंडाळा. पट्टी केसांच्या रेघेच्या वर जाऊ देऊ नका, तिथे आवळली की रक्त अडतं. हे एक-दोन दिवस टिकतं, मग बदला.

लावायच्या औषधांबद्दल मी थोडा कडक आहे. जळकं इंजिन ऑइल लावू नका. मोरचूद जिवंत मांसाला जाळतं, ते सोललेल्या तळव्यावर तर नकोच. खूर मऊ होतील असं तेल-लोणी चोपडणं या घडीला उलटं काम करतं, कारण आपल्याला तळवा कडक व्हायला हवा आहे. कोरडी, स्वच्छ, मऊ जमीन हेच औषध.

दुसऱ्या चित्रातल्या पूसाठी मात्र लेप लागतो. पशुवैद्याने किंवा त्याच्या देखरेखीखाली नालबंदाने छोटं छिद्र पाडून पूला वाट करून दिली की करडं-काळं, घाण वासाचं पाणी येतं आणि घोडा कधी कधी त्याच तासात पाय टेकवतो. मग कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट विरघळवून पाय वीस-तीस मिनिटं बुडवायचा, कापूस ठेवायचा, वर लहान मुलांचा डायपर आणि चिकटपट्टी. डायपर खुरावर अगदी नीट बसतो. स्वतः सुरी घेऊन छिद्र शोधत बसू नका. खुरात खिळा घुसलेला दिसला तर शक्यतो तसाच ठेवून पशुवैद्याला बोलवा, म्हणजे तो कोणत्या दिशेने किती आत गेला ते कळतं. पाय टेकवताना तो आणखी आत जाणार असेल तरच काढा, आणि काढण्याआधी फोटो घ्या.

आणि धनुर्वात. घोडा या आजाराला फार लवकर बळी पडतो, आणि खुराची जखम हा त्याचा नेहमीचा दरवाजा. यात्रेतून घेतलेल्या घोड्याची लस झाली आहे की नाही याची खात्री नसेल तर झालेली नाही असंच समजा आणि पशुवैद्याला तसं सांगा.

वेदनाशामक देण्याआधी

मेडिकलच्या दुकानातून माणसांची गोळी आणून दाण्यात मिसळणं सोपं वाटतं. करू नका. घोड्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात, आणि दोन वेदनाशामकं एकत्र गेली तर धोका वाढतो. शिवाय वेदना झाकली की घोडा दुखऱ्या पायावर पळतो आणि दुखापत वाढवून घेतो. पशुवैद्य घोड्याचं वजन बघून मात्रा ठरवेल.

यात एक गोष्ट आपल्या सगळ्यांशी निगडित आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ पासून बंदी आहे, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवरही आली, कारण ही औषधं दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. रायगडात आणि नाशकात उरलेल्या थव्यांसाठी तरी पशुवैद्याला हा प्रश्न जरूर विचारा.

पायरी चौथी: चंदीची (दाण्याची) बादली बघा

दर वेळी तासणीनंतर घोडा राखून चालत असेल आणि नालबंद तळव्याला हातही लावत नसेल, तर दोष खाण्यात शोधा. भरपूर हरभरा, गूळ, पाव, उसाचं वाढं हे आपल्याकडे मायेने दिलं जातं. काम नसलेल्या, मानेवर चरबीची वळी आलेल्या घोड्याला ही माया बाधते. जास्त साखर आणि पिष्ट यांमुळे खुरातले पापुद्रे कायम हलक्या दाहात राहतात. घोडा लंगडत नाही, पण त्याचे तळवे नेहमी दुखरे असतात.

पाय दुखत असेपर्यंत गूळ, वाढं आणि धान्य बंद करा. सुकं गवत वजनाच्या दीड ते दोन टक्के द्या, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला साडेचार ते सहा किलो. ते तासभर पाण्यात भिजवून पाणी फेकून दिलं की त्यातली साखर कमी होते. पावसाच्या सरी थांबल्यावर माळावर आलेल्या हिरव्यागार कोवळ्या गवतावर असा घोडा दिवसभर मोकळा सोडू नका.

पायरी पाचवी: नालबंदाशी बोला

रागाने फोन करू नका. पिढ्यानपिढ्या हे काम करणाऱ्या माणसाच्या हातात कसब असतं. पण पुष्कळ नालबंद नाल ठोकण्यासाठी खूर तयार करायला शिकलेले असतात, काही जण तर मुख्यतः बैलांना नाल मारतात. नाल बसवायचा असेल तेव्हा भिंत सपाट आणि तळवा साफ करावा लागतो. घोडा विनानाल चालायचा असेल तेव्हा तोच हात घात करतो. हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

त्याला घोडा चालताना दाखवा, आणि पुढच्या वेळी आधीच सांगा: “चाचा, या वेळी तळव्याला सुरी लावू नका. फक्त भिंतीची कड घ्या आणि कानशीने गोल करा. फ्रॉगचा लोंबणारा तुकडा असेल तेवढाच काढा.” तळव्यावरचा सैल, पीठ होऊन सुटणारा भाग निघाला तर चालतो. त्याखालचा घट्ट, मेणासारखा चकाकणारा थर ठेवायचा. भिंत तळव्याच्या पातळीच्या किंचित खाली, जमिनीच्या बाजूला राहिली पाहिजे.

आणि तासणी दर चार ते सहा आठवड्यांनी, थोडी थोडी. भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. चार महिन्यांनी एकदा बोलावलं की नालबंदाला एका दिवसात खूप काढावं लागतं, आणि दुखणं तिथून सुरू होतं.

नाल नुकताच काढला असेल तर सबुरी धरा. टोकाकडचा खूर वरपासून खालपर्यंत नवा यायला ९ ते १२ महिने लागतात. तोवर बूट हाताशी ठेवा. नाल काढायला पावसाळ्याची सुरुवात हा सगळ्यात वाईट काळ. सततच्या ओलीने तळवा मऊ पडतो आणि त्यावर रस्त्याची खडी लागते. दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात घोड्याला दिवसातले काही तास तरी कोरड्या फरशीवर किंवा भुशावर उभं करा, आणि फ्रॉगच्या चिरेत काळा, कुजका वास येणारा चिखल साठतो का ते रोज बघा.

विनानाल ठेवणं हा हट्टाचा विषय करू नका. डांबरावर रोज मैलोन् मैल चालणाऱ्या, पर्यटक वाहणाऱ्या किंवा वरातीत नाचणाऱ्या घोड्याचा खूर वाढतो त्यापेक्षा जास्त झिजतो. त्याला बूट किंवा नाल हवाच.

पायरी सहावी: पुन्हा कामाला

पहिल्या चित्रातला घोडा मऊ जमिनीवर दोन-तीन दिवसांत सैलावतो. आठवड्यात फरक पडला नाही तर पशुवैद्याला बोलवून खुराचा बाजूने एक्स-रे काढा. तळवा खरोखर किती मिलिमीटर आहे आणि हाड जागेवर आहे का, हे त्यात दिसतं आणि पुढच्या सगळ्या चर्चा निम्म्यावर येतात.

तो मोकळा चालू लागला की आधी हाताने धरून सपाट, कठीण रस्त्यावर दहा मिनिटं चालवा. सपाट डांबर खडीपेक्षा सोपं असतं, कारण दाब सगळीकडे सारखा पडतो. रोज थोडं वाढवा. मग बुटांसह पाठीवर बसा, आणि अगदी शेवटी खडी. टाच आधी टेकते का हे बाजूने बघा. टोक आधी टेकत असेल तर तो अजून राखतो आहे, एक पायरी मागे या.

पुढच्या तासणीच्या दिवशी सकाळी, नालबंद येण्याआधी, घोडा खडीवरून आणि मातीवरून चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, चारही तळव्यांचे फोटो घ्या. काम झाल्यावर तेच पुन्हा करा, आणि हत्यारं पिशवीत जाण्याआधी त्याला तो दुसरा व्हिडिओ दाखवा. पाऊल आखूड पडत असेल तर बूट तेव्हाच चढवा आणि पुढची तारीख तिथेच ठरवा.